नंबर दीदी आणि पहिला आकडा

आमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी चहा मिळायचा, मग खुर्ची, आणि खुर्चीत नीट बसायच्या आत दीदींचा प्रश्न, "किस नंबर पर हो?" बिचारा इकडेतिकडे बघायचा, खुर्चीवर काही नंबर लिहिलाय का ते शोधायचा. दीदींना त्याच्या खुर्चीचं काही पडलेलं नसायचं. त्याला दिलेला प्रोग्रॅम तिथीच्या लायब्ररीचा कितवा नंबर वापरतो, एवढंच त्यांना हवं असायचं. ज्याला ते सांगता यायचं नाही त्याला त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघत राहायच्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं प्रत्येकाला वाटायचं. पोरांनी त्यांचं नाव नंबर दीदी ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

यजमानांची बँकेतली बदली बनारसला झाली म्हणून मी नाशिकहून तिकडे गेले. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून तिथल्या सिगरा भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं गिऱ्हाईक अगदी काशीचं होतं. घाटावरचे गुरुजी, धर्मशाळा, यात्रा काढणारे, दिनदर्शिका छापणारे. प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा, पण तिथी सगळ्यांनाच लागायची. ती काढून देणारा भाग, म्हणजेच ती लायब्ररी, दीदींनी एकदाच लिहून सर्व्हरवर एका जागी ठेवला होता. गल्लीतल्या एकाच नळावर सगळी घरं पाणी भरतात, तसे सगळे प्रोग्रॅम चालता चालता त्याच लायब्ररीकडून तिथी मागून घ्यायचे. नळ सुधारला की सगळ्यांना चांगलं पाणी, आणि नळात घाण गेली की तीही सगळ्यांना.

म्हणून दीदींना नंबराचं एवढं वेड. लायब्ररीत काही बदल केला की तिचा नंबर बदलायचा. त्या नंबरात तीन आकडे असायचे आणि ते समजावून सांगायची दीदींची स्वतःची रीत होती. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हे बघ, शेवटचा आकडा बदलला तर कुणाला पता पण नाही लागला पाहिजे. मधला बदलला तर लोकांना खुशी झाली पाहिजे, काहीतरी नवीन मिळालं म्हणून. आणि पहिला बदलला तर घरोघर जाऊन सांगावं लागतं, की बाबांनो, आम्ही शब्द बदलतोय. समजलं ना?" मी कॉलेजात ह्या विषयावर परीक्षा दिली होती, बरे मार्कही पडले होते. पण त्यात शब्द दिलेला असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दीदींचं मराठी ऐकताना सुरुवातीला मला हसू यायचं. त्यांचं घर ब्रह्मा घाटावर, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. वडील वेद शिकवायचे, काका पौरोहित्य करायचे. घरात मराठी, पण उंबऱ्याबाहेरची हिंदी त्या मराठीत बिनधास्त ये-जा करायची. "मी सोचत होते," "परेशान नको होऊस," "जरा सब्र ठेव." कॉम्प्युटर नीट वागला की मराठीत त्याचं कौतुक व्हायचं आणि बिघडला की अस्सल बनारसी हिंदीत त्याचा उद्धार. मी एकदा गमतीने म्हटलं, "दीदी, रागावताना मराठी आठवत नाही वाटतं." त्या म्हणाल्या, "अगं, मराठी घरची भाषा. घरच्या भाषेत यंत्राला शिव्या कशाला द्यायच्या?"

महिन्यांचा गोंधळही त्यांच्या घरात असाच मुरलेला होता. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे. दीदी सांगायच्या, "पितृपक्षात आम्ही भाद्रपदात, शेजारचे मिश्राजी आश्विनात, आणि जेवायला सगळे एकाच दिवशी. लहानपणी मला वाटायचं, आमच्या घरात महिना उशिरा पोचतो." त्यांनी लायब्ररी लिहिली ती मुळात आपल्या मराठी गुरुजींसाठी, म्हणून तिच्यात महिना मराठी पद्धतीचा. पुढे बाकीची मंडळी आली, त्यांनीही तोच धरून आपापले प्रोग्रॅम बांधले.

रोज सकाळी ऑफिसात आल्या की दीदी आधी 'जुनी मंडळी' चालवायच्या. म्हणजे गिऱ्हाइकांचे जुने जुने प्रोग्रॅम. काहींची लिहिणारी माणसं कंपनी सोडून गेलेली, काहींना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. लायब्ररीत काल जो काही बदल झाला असेल तो ह्या मंडळींना पचतोय ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नसत. आलोक नावाचा आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणायचा, "दीदी, ये सब म्यूज़ियम में रखिए." दीदी म्हणायच्या, "म्यूज़ियम में वो चीज़ रखते हैं जो चलती नहीं. ये तो चल रही है." आलोक मान हलवत आपल्या जागेवर जायचा.

ह्याच आलोकची एक गंमत सांगते. लायब्ररी तिथीच्या नावानंतर उगाचच एक रिकामी जागा सोडायची. चूकच होती ती. आलोकच्या नजरेला पडली, त्याने काढून टाकली आणि कॉलर ताठ करून आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दूधविनायकाजवळच्या छापखान्याचे मालक तावातावाने ऑफिसात हजर. त्यांच्या दिनदर्शिकेचा अख्खा रकाना डावीकडे सरकला होता, कारण त्यांनी ती रिकामी जागा धरूनच पान आखलेलं. आलोक वाद घालायला लागला, "लेकिन ग़लती तो थी न!" दीदींनी ती जागा शांतपणे परत बसवली. "थी," त्या म्हणाल्या, "पर अब उस पर किसी ने घर बना लिया है." पुढच्या वेळी पहिला आकडा बदलेल तेव्हा ती काढायची, असं ठरलं. मालकांनी जाताना दीदींच्या हातावर पान ठेवलं, आणि एरवी पान न खाणाऱ्या दीदींनी ते खाल्लं.

आणि मग ते मोठं गिऱ्हाईक आलं. यात्रा काढणारी उत्तरेकडची एक कंपनी. त्यांना महिना त्यांच्याकडच्या पद्धतीने हवा होता, आणि तोही लगेच. आमचे मालक त्रिपाठीजी खूश झाले. दीदीही खूश झाल्या, त्यांची मागणी रास्तच होती. दीदींनी सांगितलं की आपण पहिला आकडा बदलून दुसरी लायब्ररी काढू, ती पहिलीच्या शेजारी ठेवू. ज्याला जी हवी ती त्याने नाव घेऊन मागावी. त्रिपाठीजींना ते पटलं नाही. "दीदी, दो-दो महीने कौन सँभालेगा? एक कर दीजिए, बात ख़त्म."

"बनारस तो सँभाल ही रहा है, सर," दीदी म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

काम अर्ध्यावर असताना त्यांच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. दीदी रजेवर गेल्या. इकडे मोठ्या गिऱ्हाइकाचे फोन थांबेनात, त्रिपाठीजी आलोकच्या मागे लागले, आणि आलोकने जवळची वाट धरली. असलेल्या लायब्ररीतच महिना बदलून टाकला आणि नंबरातला फक्त शेवटचा आकडा वाढवला. शेवटचा आकडा वाढला की सगळे प्रोग्रॅम नवी लायब्ररी न विचारता घेतात, कारण त्या आकड्याचा अर्थच मुळी 'तुम्हाला काही फरक पडणार नाही' असा असतो. दीदी तिथे असत्या तर सकाळीच जुन्या मंडळींनी बोंब मारली असती. पण त्या आठवड्यात मंडळींना कुणी चालवलंच नाही. ते काम करायचं असतं हे दीदींशिवाय कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

बातमी आणली ती दीदींच्या काकांनी. नानाकाका ब्रह्मा घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कार्यं करायचे आणि त्यांची नोंदणी आमच्याच प्रोग्रॅमवर व्हायची. त्यांना सांगलीहून एका आजींचा फोन आला. आजींचे पती गेल्या वर्षी मार्गशीर्ष वद्य सप्तमीला गेले. वर्षश्राद्ध काशीला व्हावं ही त्यांचीच इच्छा. आजी विचारत होत्या, "गुरुजी, तुम्ही आम्हाला महिनाभर आधी का हो बोलावलंत? माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी कार्तिक आहे." नानाकाकांनी कुणालाच बोलावलं नव्हतं. आमच्या प्रोग्रॅमने नव्या लायब्ररीला मार्गशीर्ष वद्य सप्तमी विचारली, तिने तिकडच्या पद्धतीची सांगितली, आणि प्रोग्रॅमने 'आपली सुधारित तारीख' म्हणून यजमानांना परस्पर निरोप धाडून दिला.

दीदी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आईला मावशीच्या हवाली करून ऑफिसात आल्या. जुनी लायब्ररी परत जागेवर बसवायला त्यांना चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ज्यांना ज्यांना चुकीचा निरोप गेला होता त्यांना आम्ही दोघींनी फोन केले. बहुतेकांनी अजून तिकिटं काढली नव्हती, त्यांनी हसण्यावारी नेलं. आजींचं तसं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात एका कारखान्यात पाळीवर होता. रजा वर्षातून एकदा, तीही आधी ठरवलेली. निरोप मिळाल्याबरोबर त्याने हातापाया पडून एका सोबत्याशी रजेची अदलाबदल केली होती. आता पुन्हा ती फिरवायची तर त्याचे साहेब ऐकायला तयार नव्हते. तारीख एकदा बदलली, पुन्हा बदलली, हा माणूस थापा मारतोय असंच त्यांना वाटत होतं. आजी फोनवर रडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पोरगा बापाच्या शेवटच्या वेळी पोचला नव्हता हो. निदान ह्याला तरी पोचावा एवढंच होतं माझं."

दीदींनी आजींकडून मुलाचा नंबर मागून घेतला. मग त्यालाच फोन करून विचारलं, काय केलं तर तुमचे साहेब ऐकतील? तो म्हणाला, चूक तुमच्या कंपनीची होती असं तुम्ही लेखी दिलंत तर बघतो.

त्रिपाठीजी वाईट नव्हते. पण त्या दिवशी त्यांना फक्त मोठं गिऱ्हाईक दिसत होतं. "लिखकर कुछ मत दीजिए, दीदी. फ़ोन पर माफ़ी माँग लीजिए. पंडितजी तो आपके घर के हैं, जिस दिन बेटा आए उसी दिन करवा दें. किसको पता चलेगा?"

"उनकी माताजी को पता है, सर."

"और ये बात बाहर फैल गई तो? नया क्लायंट क्या सोचेगा?"

"सोचेगा कि ये लोग ग़लती करते हैं तो बता देते हैं."

"मैं मना कर रहा हूँ, दीदी."

"जी, सुन लिया मैंने," दीदी म्हणाल्या आणि बाहेर आल्या. आम्ही सगळे मान खाली घालून टायपिंग करत असल्याचं नाटक करत होतो. आलोकने कीबोर्ड बाजूला सारला. तो उठून त्यांच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "मेरा नाम लिख दीजिए, दीदी. किया तो मैंने है." दीदींनी त्याला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. "लाइब्रेरी किसकी है?" "आपकी." "तो बस. बैठ, अंग्रेज़ी ठीक कर मेरी."

तो मेल मी वाचला आहे. त्यात 'तांत्रिक अडचण' हा शब्द नव्हता, आणि ज्यांनी ऑफिसात नोकरी केली आहे त्यांना ह्याचं मोल कळेल. सरळ लिहिलं होतं की ही तारीख आमच्या कामातल्या चुकीमुळे बदलली. ह्या गृहस्थांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यात त्यांचा काही दोष नाही. खरी तारीख अमुक आहे आणि ती आता बदलणार नाही. खाली दीदींचं पूर्ण नाव, हुद्दा आणि फोन. कुणाला शंका असेल तर मला विचारा म्हणून. मी पुष्कळ हुशार माणसांबरोबर काम केलंय. असा मेल मालकाने नको म्हटल्यावर स्वतःच्या नावाने पाठवणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही, आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले हे मी जिथे जाते तिथे छाती फुगवून सांगते.

व्हायचं ते झालं. त्रिपाठीजींनी लायब्ररी दीदींकडून काढून आलोककडे दिली आणि दीदींना नव्या पोरांना शिकवायला बसवलं. तेही त्यांनी मन लावून केलं. ह्या अवधीत दुसरी लायब्ररी तयार झाली, पहिला आकडा बदलून, पहिलीच्या शेजारी. मोठ्या गिऱ्हाइकाला ती मिळाली आणि ते कुठेही गेलं नाही. त्याला त्या मेलशी काही देणंघेणंच नव्हतं. मग त्रिपाठीजींनी विषय काढला की आता जुनी बंद करू, तिच्यावर राहिलेत कोण, चार गुरुजी. ह्या वेळी दीदींना तोंड उघडावंच लागलं नाही. आलोक म्हणाला, "सर, उन चार में से किसी एक को फ़ोन करके आप बता दीजिए." त्रिपाठीजींनी फोन केला नाही. जुनी लायब्ररी राहिली. ती राहणार हे नक्की झालं त्याच आठवड्यात दीदींनी राजीनामा दिला. आम्ही हबकलो. त्या म्हणाल्या, "अगं, मी रुसून नाही चालले. माझं काम इथे पूर्ण झालं. आता आलोक सांभाळतो ना." घाटावरची, कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पोरांनी त्यांना शाल दिली, त्रिपाठीजींनीही उभं राहून भाषण केलं. आता दीदी घरूनच दुसऱ्या कुणाकुणाची कामं करतात, आणि आमची पुन्हा बदली होऊन मी नागपुरात आले आहे.

त्या वर्षीच्या मार्गशीर्ष वद्य सप्तमीला मात्र मी अजून बनारसमध्येच होते. सकाळी धुकं इतकं दाट होतं की नदीवरच्या नावेतली माणसं बोललेली ऐकू यायची, नाव दिसायची नाही. गाड्या तासन्‌तास उशिरा चालल्या होत्या. आजी दोन दिवस आधीच येऊन नानाकाकांकडे उतरल्या होत्या. मुलगा रात्रीच्या गाडीत होता आणि गाडी कुठे अडकलीय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नानाकाकांनी सगळी तयारी करून ठेवली. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दीदी आत-बाहेर, आत-बाहेर करत होत्या. मी त्यांना म्हटलं, "दीदी, धुक्याला काय नंबर देणार?" त्या हसल्या नाहीत. "श्राद्धाला अपराह्णापर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या, माझ्यापेक्षा स्वतःलाच.

तो आला तेव्हा मध्यान्ह टळत आली होती. दाढी वाढलेली, पाठीवर बॅग, आखातातल्या उन्हाने रापलेला, आणि थंडीने कुडकुडत. दारातच त्याने आईला मिठी मारली. नानाकाका म्हणाले, "रडणं नंतर. आधी स्नान." घाटावर जाऊन गंगेत बुडी मारून तो ओलेत्याने वर आला, कोरडं धोतर नेसला आणि वडिलांच्या श्राद्धाला बसला. आजी त्याच्याकडे बघत होत्या. मी आजींकडे बघत होते. दीदी दाराच्या आडोशाला उभ्या होत्या, ह्या कार्याशी आपला काही संबंध नाही अशा.

पिंड झाले, ब्राह्मणांची जेवणं झाली. हात धुऊन आल्यावर त्याने नानाकाकांना विचारलं, "त्या मेल लिहिणाऱ्या बाई कुठे राहतात? जाण्याआधी मला भेटायचंय त्यांना." नानाकाकांनी नुसतं दाराकडे बोट केलं. तो पुढे आला आणि वाकून नमस्कार करू लागला, तर दीदींनी त्याचे हात वरच्या वर धरले. त्या चक्क अडखळत होत्या. तो म्हणाला, "मावशी, साहेबांनी मेल दोनदा वाचला. म्हणाले, ह्यांनी स्वतःचं नाव खाली लिहिलंय, म्हणजे तू खरं बोलत होतास. जा."

दीदी त्याला म्हणाल्या, "चूक आमचीच होती, बेटा." एवढंच. मला राहवेना. मी म्हणायला लागले की त्या मेलपायी ह्यांची—तर त्यांनी माझा दंड असा काही दाबला की पुढचं माझ्या घशातच राहिलं. त्या घरात आज कुणाच्या नोकरीची गोष्ट निघू द्यायची नव्हती त्यांना.

आजी सगळं ऐकत होत्या. त्यांना मेल, लायब्ररी, आकडे ह्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. त्या उठल्या, आणि घरच्यांच्या पंगतीसाठी पत्रावळी मांडायला त्यांनी स्वतःच घेतल्या. दीदी "मी येते आता" म्हणून पदर सावरत निघाल्या होत्या. आजींनी पहिली पत्रावळ मुलासाठी मांडली, दुसरी त्याला लागून मांडली, तिच्यावर हाताने पाणी शिंपडलं आणि दीदींना म्हणाल्या, "बसा. ह्यांच्या पंगतीतून तुम्हाला उपाशी धाडलं तर वर गेल्यावर मला घरात घेतील का ते?"

दीदी बसल्या. मी वाढायला घेतलं.